सेंट पीटरची कबर : जागा आणि अस्थि

सन १९५० च्या डिसेंबर महिन्याच्या २३ तारखेस पोप बारावे पायस यांनीं रोमहून नभोवाणीवर एक भाषण केलें. श्रोतेहो, मीहि आज नभोवाणीवरूनच आपल्यापुढें बोलत आहें, म्हणून त्या भाषणापासूनच आरंभ करतों. त्यांनीं दोन प्रश्न घेतले. येशू ख्रिस्ताचा पट्टशिष्य पीटर याची कबर सांपडली काय? सांपडली, असें त्यांनीं निःसंदिग्ध सांगितलें. त्याच्या अस्थि सांपडल्या काय? कबरीच्या कडेला मानवी अस्थि मिळाल्या आहेत. परंतु त्या पीटरच्याच, असें खात्रीनें सिद्ध करतां येत नाहीं, असें त्यांचें उत्तर होतें. दोन प्रश्न आणि दोन निरनिराळीं उत्तरें! पुढें जो वाद माजला तो हे दोन प्रश्न लोकांनीं एकमेकांत कालविल्यामुळें, असें माझें मत आहे.

हा वाद केवळ जुन्या हाडांचा नव्हे. पोपचा अधिकार पीटरपासून वारशानें चालत आला, ही कॅथॉलिक पंथाची श्रद्धा. उलट, पीटर रोमला आला होता हें कशावरून, असा सवाल प्रॉटेस्टंट पंथांतील कित्येक विद्वान पूर्वींपासून करीत आले; कारण नव्या करारांत त्याच्या रोममधील मृत्यूची हकीकत नाहीं. परंपरा सांगते ती अशी कीं, सन ६४ च्या आगीनंतर नीरो बादशहानें ख्रिस्ती लोकांचा जो छळ केला त्यांत पीटर मारला गेला व व्हॅटिकन टेकडीवर पुरला गेला.

त्या टेकडीवर चौथ्या शतकांत कॉन्स्टन्टाइन बादशहानें पहिलें भव्य चर्च बांधलें. जागा मुळींच सोयीची नव्हती. उतारावर रोमन कुटुंबांच्या थडग्यांच्या इमारती रांगेनें उभ्या होत्या. एकीकडे टेकडी तासून आणि दुसरीकडे हीं थडगीं मातीनें बुजवून त्यानें सपाटी केली. एवढा खटाटोप कोणी उगाच करीत नाहीं. अमुकच एक ठिकाण वेदीखालीं यावें असा त्याचा आग्रह असला पाहिजे.

तें ठिकाण कोणतें, हें कळावयास महायुद्धाचा काळ उजाडावा लागला. १९३९ सालीं पोप अकरावे पायस वारले. त्यांच्या कबरीसाठीं तळघराची जमीन खोल करूं लागतांच खालचीं थडगीं लागलीं, आणि १९४० पासून १९४९ पर्यंत तेथें खोदकाम चाललें. मी रोम पाहिलेलें नाहीं. नकाशे पुढें घेऊन बसलेला मी एक निवृत्त शाळामास्तर आहें. पण त्या नकाशांतहि एक गोष्ट मनावर ठसते. मुख्य वेदीच्या बरोबर खालीं तांबड्या गिलाव्याची एक भिंत आहे, आणि तिला टेकून दोन लहान खांबांचें एक साधें स्मारक. शेजारच्या गटारांतील विटांच्या छापांवरून त्याचा काळ सन १६० च्या सुमाराचा ठरतो.

याला लेखी पुराव्याचीहि जोड आहे. सन २०० च्या सुमारास रोममधील गायस नांवाच्या ख्रिस्ती लेखकानें आपल्या प्रतिपक्ष्याला सांगितलें कीं, व्हॅटिकनवर आणि ऑस्टियाच्या रस्त्यावर प्रेषितांचीं विजयस्मारकें मी दाखवून देईन. युसेबियस या इतिहासकारानें हा मजकूर जपून ठेवला. मौज अशी कीं, तो प्रतिपक्षी आशिया मायनरमधील फिलिपच्या व त्याच्या कन्यांच्या कबरीचा हवाला देत होता. कबरी पुढें करून वाद जिंकण्याची रीत इतकी जुनी आहे! मात्र गायसचा ग्रीक शब्द विजयचिन्हाचा आहे. त्यावरून कबरच घ्यावी कीं वधाची जागा घ्यावी, हें त्या शब्दावरून ठरत नाहीं.

आतां अस्थींकडे वळूं. खोदकामावर देखरेख करणारे मॉन्सिन्योर कास हे भाविक गृहस्थ. मृतांचे अवशेष अनादरानें हाताळले जातात असें वाटून ते संध्याकाळीं फेरी मारीत व हाडें उचलून पेटींत ठेववीत. स्मारकाच्या बाजूला यात्रेकरूंनीं नांवें कोरलेली एक भिंत होती. तिच्यांतील संगमरवरी कोनाड्यांतले अवशेषहि त्यांनीं असेच काढविले, आणि उत्खनन करणाऱ्या विद्वानांना त्याची दाद नव्हती, असें मार्गेरिता ग्वार्दुच्ची या विदुषींनीं पुढें लिहिलें. कास १९५२ सालीं वारले. पेटीची हकीकत बाईंना १९५३ सालीं एका कामगाराकडून कळली!

तज्ज्ञांनीं तपासलें तेव्हां स्मारकाखालीं मिळालेलीं हाडें एकाहून अधिक माणसांचीं निघालीं. पेटींतलीं मात्र एका साठी-सत्तरीच्या धडधाकट पुरुषाचीं होतीं. त्यांत कांहीं जनावरांचीं, एका उंदराचींहि, मिसळलेलीं. सोबत जांभळ्या वस्त्राचे सोनेरी धाग्यांसह अंश होते. शिवाय तांबड्या भिंतीच्या गिलाव्याचा एक तुकडा होता. त्यावरील तुटक ग्रीक अक्षरें बाईंनीं ‘पीटर आंत आहे’ अशीं लाविलीं. इतरांनीं तीं ‘पीटर शांतींत’ अशीं लाविलीं. तुकडा काठाशीं फुटलेला आहे. तेव्हां पुढचीं अक्षरें वाचणाऱ्याच्या पदरचीं.

आणखी एक गोष्ट. जेरुसलेमच्या ऑलिव्ह डोंगरावर १९५३ सालीं दगडी अस्थिपेट्या निघाल्या. त्यांतील एकीवर ‘शिमोन बार योना’, म्हणजे पीटरचें मूळ नांव, वाचण्यांत आलें. रोमच्या विरोधकांना हर्ष झाला. पण बापाच्या नांवाचीं अक्षरें वादग्रस्त आहेत, आणि शिमोन हें तर त्या काळच्या यहुदी पुरुषांत सर्वांत प्रचलित नांव! तल्पियोत येथें १९८० सालीं दहा पेट्यांची एक कबर निघाली, आणि तींतील ‘योसेफाचा पुत्र येशू’ या अक्षरांवरून २००७ सालीं एका चित्रपटानें जगभर गवगवा केला. योसेफ आणि येशू हीं नांवेंहि घरोघरचींच होतीं. वर्गांत चार गोविंद असतां वहीवर नुसतें ‘गोविंद’ लिहून भागत नसे, हें मला चांगलें ठाऊक आहे.

माझें म्हणणें एवढेंच कीं, सन १६० च्या सुमारास रोमचे ख्रिस्ती लोक हीच जागा पीटरची मानीत होते, हें पक्कें धरावें. मृत्यूनंतर शंभर वर्षांच्या आंतली ही आठवण आहे. ती सहज टाकून देण्यासारखी नाहीं. पेटींतल्या अस्थींविषयीं मात्र मला तसें म्हणवत नाहीं. त्या कोठून, केव्हां, कोणापुढें काढल्या याची जागच्या जागीं नोंद झाली नाहीं, आणि ती आतां कोणालाहि करतां येणार नाहीं. कास यांच्या भाविकपणानेंच भाविकांचा पुरावा दुबळा केला.

१९६८ च्या जून महिन्यांत पोप सहावे पॉल यांनीं या अस्थींची ओळख आपणांस पटेल अशा रीतीनें झाली आहे असें जाहीर केलें. २०१३ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांतले तुकडे लोकांच्या दर्शनास ठेविले, आणि २०१९ सालीं नऊ तुकडे पूर्वेकडील पंथाच्या कुलगुरूंस दिले. उत्खनन करणाऱ्या चौघांपैकीं एक, जेझुइट पंथाचे पाद्री आंतोनियो फेर्रुआ, १०२ वर्षांचे होऊन २००३ सालीं वारले. ते त्याच धर्माचे उपासक होते, त्याच वेदीखालीं त्यांनीं माती उपसली होती. पण पेटींतल्या अस्थि पीटरच्या, हें त्यांनीं अखेरपर्यंत मान्य केलें नाहीं.