पडदा, कागद आणि आकृती

संगणकावर आकृत्या रेखाटण्याची विद्या जितकी जुनी, जवळजवळ तितकीच पडद्यावर दिसणारी आकृती आणि कागदावर उमटणारी आकृती यांच्यातील तफावतही जुनी आहे. आणि ती मिटवण्यासाठी झालेल्या खटपटींचा इतिहास पाहू जाता, या दोहोंत अस्सल कोणती व नक्कल कोणती, हाच मूळ प्रश्न उत्तरोत्तर स्पष्ट होत गेलेला दिसतो. कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ साली सिद्ध झालेल्या ‘आल्टो’ संगणकाचा पडदा मुद्दाम कागदाच्या पृष्ठासारखा उभा ठेवलेला होता. जे दिसते तेच बरहुकूम छापून निघावे, ही त्या मंडळींची मनीषा होती.

ती मनीषा सामान्य माणसाच्या मेजावर पोहोचली १९८४ सालच्या मॅकिंटॉशबरोबर, आणि अडचणीही तेथेच उघड झाल्या. त्याच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके असत; इमेजरायटर या मुद्रणयंत्राची आडवी घनता मात्र नेहमीच्या छपाईत या हिशेबाशी जुळत नसे, म्हणून ‘टॉल अ‍ॅडजस्टेड’ ही तजवीज निवडण्याचे राहून गेले, तर मॅकड्रॉ या रेखाटनाच्या प्रणालीत काढलेले निर्दोष वर्तुळ कागदावर उभट लंबगोल होऊन निघे. पुढच्याच वर्षी आलेल्या लेझररायटरने इंचाला ३०० ठिपके दिले, परंतु ३०० ला ७२ ने निःशेष भाग जात नाही. तेव्हा ठिपक्यांची चित्रे शेकडा चारने लहान करून, पडद्यावरील एकेका ठिपक्यास कागदावर सोळा ठिपक्यांचा चौरस नेमून देण्याची सोय करावी लागली.

खरा पालट घडवला तो याच यंत्रात वसणाऱ्या, जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांच्या अडोबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेने. रेघ कोठून कोठवर आणि किती जाडीची, एवढे वर्णन यंत्राकडे जाई. ठिपके पाडण्याची मुखत्यारी यंत्राची. तथापि वर्णनात कसूर राहिली, की तफावत पुन्हा डोके वर काढी. शून्य जाडीची रेघ म्हणजे त्या त्या यंत्रास साधेल तितकी बारीक रेघ, असा या भाषेचा नियम असल्याने, पडद्यावर ठसठशीत दिसणारी चौकट लेझररायटरवर केसासारखी उमटे, आणि इंचाला २,५४० ठिपके पाडणाऱ्या छापखान्यातील यंत्रावर जवळजवळ लुप्त होई. अक्षरांचीही तीच गत. पडद्यावरील जिनिव्हा वळणाच्या जागी यंत्र हेल्व्हेटिका योजी, आणि दोहोंच्या रुंदीत अंतर असल्यामुळे चौकटीत नेमक्या बसवलेल्या ओळी कागदावर विस्कटत.

१९९२ साली सिअ‍ॅटलच्या शेपवेअर कंपनीने आणलेल्या व्हिजिओ या आकृत्या काढण्याच्या प्रणालीमध्ये प्रत्येक आकारामागे त्याच्या मापांच्या सूत्रांचा तक्ता असतो, त्यातही ठिपक्यांऐवजी वर्णन जपण्याची हीच दृष्टी दिसते. पडदा आणि कागद या दोन्ही नकलाच होत. अस्सल दस्त म्हणजे मापांनिशी नोंदलेले वर्णन. म्हणून ज्या रेखाकाराने रेघेची जाडी, अक्षराचे वळण आणि पृष्ठाचे परिमाण केवळ नजरेवर न सोपवता मुळातच निश्चित करून ठेवले, त्याची आकृती यंत्रे पालटली तरी सहसा दगा देत नाही. आणि पडदे कितीही सूक्ष्म झाले, तरी ही शिस्त आजही तितकीच अगत्याची आहे.