बर्फाचें रोजचें मोजमाप

पाऊस मोजणें हें त्या मानानें सोपें काम आहे. पात्रांत पाणी पडतें, जागच्या जागीं राहतें, आणि सकाळीं पट्टी बुडवून आंकडा वाचतां येतो. बर्फाचें तसें नाहीं. तें वाऱ्याबरोबर उडतें, कुंपणाशीं ढीग होऊन बसतें आणि माळावरची जमीन उघडी टाकतें; शिवाय स्वतःच्याच भारानें घटकेघटकेला दबत जातें. त्यामुळें ‘काल बर्फ किती पडलें?’ हा दिसावयास साधा प्रश्न वस्तुतः मोठा बिकट आहे.

अमेरिकेंत या प्रश्नाचें उत्तर सामान्य गृहस्थांकडून मिळविण्याची वहिवाट जुनी आहे. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे पहिले चिटणीस जोसेफ हेन्‍री यांनीं हवेच्या नोंदी ठेवण्यासाठीं ठिकठिकाणीं स्वयंसेवक मिळविले. १८४९ च्या अखेरीस असे सुमारें १५० लोक त्यांना नियमानें पत्रकें पाठवूं लागले होते. पुढें १८७० मध्यें सरकारी हवामानकार्य लष्कराकडे सोंपविण्यांत आलें व १८९० च्या कायद्यानें तें शेतकी खात्याकडे गेलें. त्या वेळीं बांधलें गेलेलें स्वयंसेवक निरीक्षकांचें जाळें आजहि चालू आहे, आणि त्यांत हजारों लोक आहेत.

त्यांचें मुख्य साधन म्हणजे एक पांढरी रंगविलेली लाकडी फळी. उन्हानें तापून बर्फ वितळूं नये म्हणून पांढरी; झाडें व छपरें यांपासून दूर, जमिनीवर सपाट ठेवलेली. दररोज ठराविक वेळीं तीवरील बर्फाची उंची इंचाच्या दशांशापर्यंत मोजावयाची, फळी स्वच्छ झाडावयाची आणि पुन्हां नव्या बर्फाच्या पृष्ठावर मांडावयाची. दशांश इंचाहूनहि कमी पडलें, तर ‘लेशमात्र’ अशी नोंद होते. कांहींच नाहीं असें लिहून चालत नाहीं. जमिनीवर साचलेल्या जुन्या-नव्या थराची उंची निराळी, ती पूर्ण इंचांत लिहितात.

एवढ्यानेंहि काम संपत नाहीं. दहा इंच बर्फाचें एक इंच पाणी, हा लोकांच्या तोंडचा हिशेब. परंतु भुसभुशीत कोरडें बर्फ वीस इंच पडूनहि एक इंच पाणी देत नाहीं, आणि ओलें जड बर्फ पांच-सहा इंचांतच तेवढें देऊन जातें. म्हणून हिवाळ्यांत पर्जन्यमापकाची नरसाळी व आंतील नळी काढून ठेवतात, बाहेरच्या पात्रांत बर्फ सांठूं देतात, तें मोजलेलें कोमट पाणी ओतून वितळवितात आणि ओतलेलें पाणी वजा करितात. शेतकऱ्याला आणि धरणवाल्याला हवा असतो तो हा आंकडा. उंचीचें कौतुक वर्तमानपत्रांना.

हिंदुस्थानांत बर्फाकडे लक्ष वेधलें तें दुष्काळामुळें. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत मुंबई इलाख्याचा दख्खन भाग होरपळून निघाला. १८७५ मध्यें स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्‍री ब्लॅनफर्ड यांनीं पुढें १८८४ मध्यें असें मत मांडलें कीं, हिमालयावर बर्फ फार सांचलें तर पुढचा मोसमी पाऊस उणा पडण्याचा संभव असतो. १८८२ पासून त्यांनीं प्रायोगिक अंदाज केले व १८८६ पासून ते रीतसर प्रसिद्ध होऊं लागले. सोलापुराकडच्या ज्वारीचें भवितव्य हिमालयाच्या उतारावर वाचूं पाहणें, हें त्या काळीं धाडसच म्हटलें पाहिजे. पुढें गिल्बर्ट वॉकर यांनीं दूरदूरच्या देशांतील वायुभार वगैरे इतर कारणें अंदाजांत आणलीं, आणि एकट्या बर्फावरचा विश्वास ओसरला.

मोजणी किती नाजूक, हें १९९७ च्या जानेवारींत न्यूयॉर्क संस्थानांतील माँटेग्यू या गांवीं दिसून आलें. ओंटारिओ सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळें त्या टापूंत बर्फ अतोनात पडतें. ११ व १२ तारखेस चोवीस तासांत तेथें ७७ इंच भरले, म्हणजे जवळजवळ साडेसहा फूट! तोंवर मान्य असलेला विक्रम कोलोरॅडोंतील सिल्व्हर लेक येथील, १९२१ च्या एप्रिलचा, ७५.८ इंचांचा होता. सरकारी तज्ज्ञांच्या समितीनें नोंदी तपासल्या, तेव्हां ७७ हा आंकडा सहा मोजण्यांची बेरीज असल्याचें आढळलें. नियम मात्र दिवसांत चारांहून अधिक वेळां न मोजण्याचा होता. फळी जितक्या वेळां झाडावी, तितकें बर्फाला दबावयास कमी सवड मिळते आणि बेरीज फुगते.

निरीक्षकानें लबाडी केली नव्हती. उलट भर वादळांत तो नेमाहून अधिक वेळां बाहेर पडला होता. तरीहि समितीचा निर्णय कठोर असला तरी योग्यच होता, कारण दोन गांवांची तुलना करावयाची तर दोघांची रीत एक हवी. मौज अशी कीं, सिल्व्हर लेकचा आंकडा तरी चोख चोवीस तासांचा कोठें होता? तेथें साडेसत्तावीस तासांत ८७ इंच पडले होते, आणि ७५.८ हे त्यांतून प्रमाणानें काढलेले इंच होते. माँटेग्यूचे ७७ इंच बाद झाले. सिल्व्हर लेकचे तसेच राहिले.