बोरघाटाखालील मोहीम (इ. स. १७८१) व युद्धपटाची मांडणी

इंग्रज व मराठे यांच्यामधील पहिल्या युद्धांतील (१७७५–१७८२) वडगांवचा प्रसंग मराठी वाचकांच्या पूर्ण परिचयाचा आहे. कार्ल्यास ४ जानेवारी १७७९ रोजीं पडलेला इष्टुर फांकडा, तळेगांवच्या तळ्यांत लोटलेल्या तोफा, आणि त्यानंतर झालेला करार यांवर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यामानानें दोन वर्षांनंतर ह्याच घाटाच्या पायथ्याशीं जी मोहीम झाली, तिजकडे अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. जनरल गॉडर्ड, ज्यास आपल्या पत्रांत ‘गाडर’ म्हटलें आहे, तो खोपोलीस येऊन बसला, दोन महिने बसून राहिला आणि अखेर पनवेलीस परत गेला. एवढ्या एका वाक्यांत बहुतेक ग्रंथकार हा विषय संपवितात. प्रस्तुत लेखांत ह्या मोहिमेचा विचार आम्हीं एका निराळ्या निमित्तानें केला आहे.

जुन्या लढाया लहान पुतळ्यांच्या साहाय्यानें मेजावर मांडून, ठरीव नियमांनीं त्या पुन्हां खेळण्याची एक कला आहे. प्रशियांत रायस्विट्झ नांवाच्या पितापुत्रांनीं तिला शास्त्राचें रूप दिलें. पित्यानें आपला पट १८१२ मध्यें राजास दाखविला, व पुत्रानें १८२४ मध्यें नियम छापून लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणांत त्यांचा शिरकाव करविला. पुढें १९१३ मध्यें एच्. जी. वेल्स ह्या इंग्रज कादंबरीकारानें घरगुती खेळासाठीं एक पुस्तक लिहिलें. आपल्याकडे दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात, त्याचेंच हें प्रौढ रूप म्हणावयास हरकत नाहीं. कागदपत्रांच्या संग्राहकांस हा पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. परंतु आमचें मत असें आहे कीं, इतिहासकार ज्या प्रश्नांना सहज बगल देऊं शकतो, ते प्रश्न पट मांडणारास टाळतां येत नाहींत. ‘सैन्य घाट उतरलें’ असें लिहिणें सोपें आहे. पटावर मात्र तें कोणत्या वाटेनें, किती वेळांत, उजेडांत कीं अंधारांत, पुढें कोण व मागें कोण अशा क्रमानें उतरलें, हें ठरविल्यावांचून एकही पुतळा हलत नाहीं.

आधीं मोहिमेची हकीकत थोडक्यांत सांगतों. गॉडर्डनें डिसेंबर १७८० मध्यें वसई घेतली. त्याच सुमारास वज्रेश्वरीजवळ दुगाड येथें हार्टलेच्या पलटणींशीं लढतांना रामचंद्र गणेश कानडे पडले. पुढील महिन्यांत अर्नाळाही इंग्रजांकडे गेला. इकडे कर्नाटकांत हैदरानें इंग्रजांस जेरीस आणलें होतें, त्यामुळें मराठ्यांशीं लवकर तह करून मोकळें होण्याची त्यांस निकड होती. पुण्यावर चालून जाण्याचा धाक घातला म्हणजे नाना नमतील, अशा अजमासानें गॉडर्ड बोरघाटाकडे वळला. ८ फेब्रुवारी १७८१ च्या रात्रीं त्याच्या आघाडीच्या तुकडीनें हरिपंत फडक्यांच्या चौक्या मोडून घाटमाथा घेतला व खंडाळ्यास तळ दिला. स्वतः गॉडर्ड मुख्य फौजेसह खालीं खोपोलीस राहिला. हैदरास वगळून तह करण्यास नाना कबूल झाले नाहींत. उलट परशुरामभाऊ पटवर्धनांस कोंकणांत उतरवून त्यांनीं पनवेल–खोपोली हा रस्ता धोक्यांत आणिला. घाटावर हरिपंत व तुकोजी होळकर होतेच. मार्च व एप्रिल महिन्यांत धान्याच्या प्रत्येक तांड्यासाठीं इंग्रजांस झुंजावें लागलें. कर्नल ब्राऊन मोठा जाबता घेऊन पनवेलीहून रसद आणीत असतां एका खेपेंतच त्याचीं शंभरांवर माणसें कामास आलीं अगर जखमी झालीं. अखेर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यांत घाटमाथा सोडून गॉडर्डनें माघार घेतली. खालापूर व चौक ह्या मुक्कामांवरून २३ एप्रिल रोजीं तो पनवेलीस पोंचला. ह्या माघारींत इंग्रजांचे मृत व जखमी मिळून ४६६ असामी झाले, त्यांत अठरा गोरे अंमलदार होते, असें ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या ग्रंथांत नमूद केलें आहे. पिछाडी संभाळणारा कर्नल पार्कर ह्याच वाटेवर मारला गेला.

आतां भूमीकडे वळूं. मोहिमेचा खालचा तळ आजच्या खालापूर तालुक्यांत, खोपोलीच्या परिसरांत होता, व खोपोलीस लागूनच साजगांव आहे. येथील विठोबाची कार्तिकी यात्रा सुक्या मासळीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे, आणि म्हणून ह्या देवास लोक ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. तुकोबाराय मिरच्यांचीं ओझीं घेऊन घाटाखालीं व्यापारास येत, अशी आख्यायिकाही ह्या स्थळाशीं जोडलेली आहे. आख्यायिकेची ऐतिहासिकता हा निराळा प्रश्न. परंतु देशावरची मिरची खालीं उतरावी व कोंकणचें मीठ-मासळी वर चढावी, हा क्रम तींत अचूक आला आहे. बोरघाट ही मूळची बैलांच्या तांड्यांची वाट. तोफा नेण्याजोगा रस्ता १८०४ च्या सुमारास वेलस्लीनें करविला, व गाड्यांचा रस्ता १८३० मध्यें माल्कमच्या कारकीर्दींत खुला झाला. लोहमार्ग तर १८६३ मधला. म्हणून पट मांडणारानें आजचीं नागमोडी वळणें प्रमाण मानून घाट रंगविला, तर तो पार्करच्या फौजेस पन्नास वर्षांनंतरची वाट देईल.

नदीच्या बाबतींत अशीच एक फसवणूक संभवते. पाताळगंगा आज भर उन्हाळ्यांतही वाहते. परंतु तें पाणी लोणावळें, वळवण, शिरवतें येथील तलावांतलें असून टाटांच्या खोपोली येथील वीजगृहांतून खालीं येतें, व हें वीजगृह १९१५ मध्यें सुरू झालें. १७८१ च्या चैत्रांत हें पाणी नव्हतें. तेव्हां पटावर निळी रेघ ओढून तिला ओलांडण्यास एक डाव खर्ची घालणें चुकीचें होईल. उलट डोह, विहिरी व झरे हींच मोलाचीं ठाणीं, आणि हजारों जनावरांचा तळ पाण्याविना एक दिवसही टिकत नाहीं. खोपोलीचें तळें व महादेवाचें देऊळ नाना फडणिसांनीं बांधल्याचें प्रसिद्ध आहे. तीं पटावर ठेवण्यापूर्वीं त्यांच्या बांधणीचा शक तपासून घ्यावा.

उंचीचा प्रश्न अधिक बिकट आहे. खोपोली व खंडाळा यांच्या उंचींत सुमारें दीड हजार फुटांचा फरक, आणि तो अगदीं थोड्या अंतरांत. शिवाय घाट हा एकच दरवाजा नव्हे. कर्जतच्या बाजूस कुसूरचा घाट आहे, दक्षिणेसही वाटा आहेत. बोरघाटाचा माथा इंग्रजांच्या हातीं असतांना परशुरामभाऊंच्या फौजा कोंकणांत वावरत होत्या, यावरूनच हें सिद्ध होतें. दरवाजा धरून बसलेल्या गॉडर्डच्या घराला भिंतीच नव्हत्या, असें म्हटलें तरी चालेल.

युद्धपटाच्या निमित्तानें आम्हीं तिथींचा मेळ घालून पाहिला, त्यांतून एक मनोरंजक गोष्ट हातीं आली. ८ फेब्रुवारी १७८१ हा दिवस शके १७०२ च्या माघी पौर्णिमेच्या सुमाराचा आहे. हिजरी गणनेनें सफर महिन्याचा तेरावा-चौदावा चंद्र. म्हणजे घाट चढून जाणाऱ्या तुकडीस रात्रभर चांदणें होतें. ‘रात्रीचा छापा’ म्हटला कीं वाचक मनांत काळोख धरतो, व खेळाचे नियमही अंधाराची सूट देतात. येथें ती सूट लागू नाहीं. चौकीवरील पहारेकऱ्यासही खालची वाट दिसत असली पाहिजे, आणि तरी चौक्या मोडल्या. हरिपंतांच्या बंदोबस्ताविषयीं विचार करतांना ही गोष्ट वजनांत धरावी लागेल. उलटपक्षीं माघारीचा आरंभ २० एप्रिलला, शके १७०३ प्लव संवत्सराच्या चैत्र वद्य पक्षांत, अमावास्येस दोनतीन दिवस उरले असतां झाला. ह्या वेळीं चंद्रकोर पहाटेच्या आधीं थोडीच उगवते. चढाईस चांदणें आणि उतरणीस काळोख हा योगायोग कीं योजना, याचा निर्णय एवढ्यावरून करतां येत नाहीं. परंतु घाटांतून निसटूं पाहणाऱ्या सेनापतीस काळी रात्र सोयीची, हें उघड आहे.

पोषाखांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. कंपनीच्या शिपायांस तांबडे डगले होते, व गॉडर्डबरोबर मुंबईकरांखेरीज बंगालचे शिपाईही होते. ते काल्पीकडून मध्य हिंदुस्थान ओलांडून फेब्रुवारी १७७९ अखेर सुरतेस आले होते. मराठी फौजेंत मात्र सर्व स्वारांस एकाच रंगांत बुडविण्याची जी खोड कांहीं चित्रकारांस आहे, ती टाळावी. शिलेदार आपल्या घोड्यानिशीं व आपल्या कपड्यानिशीं येई. स्वारांखेरीज गारदी, तोफखाना व बाणदार हेही मांडावे लागतील. घाटांतल्या झाडींत घोड्यापेक्षां बंदुकवाल्या पायदळाचा उपयोग अधिक.

संख्येचा प्रश्न निघाला म्हणजे साधनांचें खरें स्वरूप दिसूं लागतें. ग्रँट डफ परशुरामभाऊंकडे बारा हजार लोक देतो. इंग्रज कागदांत स्वतःच्या फौजेचे आकडे एकेरी असामीपर्यंत मोजलेले आणि मराठ्यांचे आकडे हजारांनीं गोळा केलेले, ही पद्धत सर्वत्र आढळते. पहिला आकडा हजेरीपटावरून आलेला, दुसरा दुरून धूळ पाहून केलेला. दोन्ही एकाच तराजूंत घालून पुतळ्यांचें प्रमाण काढणें म्हणजे शेर व खंडी एक मानणें होय. मराठी बाजूची मोजदाद रोजमुरा, दाणावैरण व सरंजामाच्या हिशेबांतून करावी लागते. पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें वासुदेवशास्त्री खरे यांनीं ‘ऐतिहासिक लेखसंग्रहां’त प्रसिद्ध केल्यामुळें त्या घराण्यापुरती सोय झाली आहे; फॉरेस्टनें १८८५ मध्यें छापलेले मुंबई सरकारचे कागद त्यांच्याशेजारीं ठेवून वाचावे.

परंतु ह्या मोहिमेचा निकाल ना शिपायांच्या संख्येनें लागला, ना एखाद्या टेकडीच्या काबीज होण्यानें. तो बैलांनीं लावला. १७७८ च्या स्वारींत सुमारें ३,९०० लढवय्यांमागें एकोणीस हजार बैल होते, व घाट चढल्यावर ती फौज दिवसाला सरासरीनें पाऊण मैलच पुढें सरकत होती. गॉडर्डनें हा धडा घेऊन मुख्य फौज खालींच ठेविली. तरी पनवेलच्या बंदरापासून खोपोलीपर्यंतची चोवीस-पंचवीस मैलांची वाट त्याच्या गळ्याची नस होऊन बसली. खंडाळ्याचा माथा त्याजकडे होता, खोपोलीचा तळ अभंग होता, समोरासमोरची एकही मोठी लढाई तो हरला नाहीं. नेहमींच्या नियमांनीं गुण मोजले तर २३ एप्रिलपर्यंत गॉडर्डच विजयी ठरेल! आणि तरीही पुण्यावरची स्वारी संपली, पुढें त्या बाजूनें मोठी चढाई झाली नाहीं, व १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला. सबब ह्या प्रसंगाचा पट घाटापुरता चौकोनी न मांडतां पनवेलपासून खंडाळ्यापर्यंत लांबट मांडावा, आणि बैलांचे तांडे हीच त्यावरील मुख्य सोंगटी करावी. परशुरामभाऊंच्या बाजूनें खेळणारास शिपाई मारण्याचे गुण थोडे, आणि गोणी अडविण्याचे पुष्कळ द्यावे.

दुसरी सूचना बातमीची. प्रशियन खेळांत एक पंच असे; दोन्ही पक्षांस जेवढें दिसणें शक्य तेवढेंच तो दाखवी. ह्या मोहिमेंत अशा पंचाचें काम आपल्या जुन्या पत्रांस करतां येईल. पत्र कोणत्या चंद्रीं लिहिलें व कोणत्या चंद्रीं पावलें, हें जुळविलें म्हणजे पुण्यास घाटाखालची बातमी केव्हां कळली आणि हुकूम घाटाखालीं केव्हां पोंचला, याचें कोष्टक तयार होतें. म्हणून संग्राहकांनीं पत्राची नक्कल करतांना मायन्याबरोबर ‘छ’ चा आंकडा व पोंचल्याची नोंद गाळूं नये. पुष्कळ छापील संग्रहांत ही नोंद गाळली गेली आहे, हें आम्हांस खेदानें लिहावें लागतें.

राहतां राहिले ते लोक, ज्यांची सोंगटी कोणत्याच पटावर नसते. तांड्याचे बैल हांकणारे, तोफा ओढणारे, ओझ्यास धरलेले बिगारी, आणि ज्यांच्या शिवारांत दोन महिने दोन फौजा वावरल्या ते साजगांव, खालापूर, चौक येथील कुणबी. ४६६ च्या आकड्यांत त्यांचा समावेश होत नाहीं, मराठी विजयपत्रांतही ते येत नाहींत. त्यांची नोंद असेल तर ती गांवच्या कुलकर्ण्यांच्या व महालांच्या दप्तरांत: लष्करामुळें पायमल्ली झालेल्या शेतांची पाहणी, वसुलांतील सूट, वैरणीच्या गंज्यांचा हिशेब, बिगारीच्या याद्या. कर्जत-खालापूर भागांत ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील, त्यांनीं ‘इहिदे समानीन मया व अलफ’ (१७८०–८१) व त्यापुढील ‘इसन्ने समानीन’ ह्या दोन सालांचे कागद प्रथम सोडून पाहावे. फेब्रुवारीची चढाई व एप्रिलची माघार हीं दोन्ही पहिल्या सालांतच पडतात. सुटीचे अर्ज मात्र मृगानंतरच्या सालांत येण्याचा संभव अधिक. नक्कल करणें शक्य नसल्यास निदान गांवाचें नांव, साल व सुटीची रक्कम एवढें टिपून घ्यावें. कोणत्या गांवास सूट मिळाली व कोणत्यास नाहीं, एवढ्यावरूनही फौजेची नेमकी वाट नकाशावर उतरवितां येईल.