सामुदायिक भून्यास

सामुदायिक भून्यास : (कम्युनिटी लँड ट्रस्ट). जमिनीची मालकी स्थानिक लोकांच्या संस्थेकडे ठेवून परवडणारी घरे उभारण्याची पद्धत. रहिवासी घर विकत किंवा भाड्याने घेतो. विकत घेतले, तरी खालची जमीन बहुधा दीर्घ भाडेपट्ट्यानेच त्याच्याकडे असते. पुढे घर विकताना किंमत ठरलेल्या सूत्रानेच लावावी लागते. त्यामुळे गावात भाव कितीही चढले, तरी ते घर पुढच्या गरजू कुटुंबाच्या आवाक्यात राहते. हेच या पद्धतीचे मर्म होय.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९६९ साली नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्यांनी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी स्थापन केलेली ‘न्यू कम्युनिटीज’ ही या प्रकारची आद्य संस्था. तिच्या प्रेरणांमध्ये विनोबा भावे यांच्या ग्रामदानाचा, म्हणजे गावाची जमीन गावाच्या सामूहिक मालकीत देण्याच्या कल्पनेचा, समावेश होता. मराठी वाचकाने हा धागा आवर्जून लक्षात ठेवावा. दुष्काळ आणि कर्जवाटपातील वर्णभेद यांमुळे १९८५ मध्ये संस्थेची जमीन गेली. कल्पना मात्र टिकली.

इंग्लंडमध्ये या न्यासांची कायदेशीर व्याख्या २००८ च्या कायद्याने केली. तेथील नॉर्थम्बरलँड परगण्यात, चेव्हिअट डोंगरांच्या पायथ्याशी वूलर हे सुमारे दोन हजार वस्तीचे बाजारगाव आहे. तेथे १९९६ पासून ‘ग्लेनडेल गेटवे ट्रस्ट’ हा स्थानिक न्यास काम करतो. त्याने परवडणाऱ्या भाड्याची घरे केलीच, शिवाय समाजकेंद्र चालवले आणि युवा वसतिगृहही हाती घेतले. घरबांधणी आणि गावाचा रोजचा व्यवहार येथे वेगळे मानलेले नाहीत.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गाव ग्रामदान कायद्याखाली आले आहे. तेथे मात्र प्रश्न घरांचा नसून शेती-जंगलाचा आहे.