निकाल माहीत असलेला माणूस

गोंडपिपरीच्या स्टँडवरून आष्टीची एसटी धरा आणि वैनगंगा ओलांडा. पलीकडे उतराल तेव्हा ३० सप्टेंबर १९७५ ची दुपार असेल. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून सात वर्षं आहेत. नदीच्या दोन्ही काठांना एकच चंद्रपूर. आणीबाणी लागून तीन महिने झालेत. मोबाइल खिशातच राहू द्या. इथे कुणाकडे नाही अशी एकच चीज तुमच्याजवळ आहे: आजच्या सामन्याचा निकाल तुम्हाला ठाऊक आहे.

चामोर्शीच्या बाजूला चाला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने साठच्या दशकात या भागात जमिनी दिल्या. जंगल तोडून बांध्या काढल्या, बांध्यांत धान आलं, खोदलेल्या तळ्यांत रोहू-कतला सोडले गेले. धान आता निसवलंय. एका अंगणात बाजेवर ट्रान्झिस्टर ठेवलाय, त्याच्या अँटेनाला तांब्याची तार जोडून ती मुनग्याच्या फांदीला गुंडाळली आहे. भोवती दहा-बारा माणसं. खुलन्याच्या बाजूचं गाव, मग सियालदाचा फलाट, मग रायपूरजवळचा माना कॅम्प, मग हे रान, असा बाजेवरच्या म्हाताऱ्याचा प्रवास. तुम्ही कोण, कुठले, कुणी विचारत नाही. आज परका माणूस बघायला कुणाला सवड नाही.

कलकत्त्यात आयएफए शील्डचा अंतिम सामना आहे, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान. आवाज येतो, बुडतो, खरखरतो, पुन्हा वर येतो. पाचव्या मिनिटाला सुरजित सेनगुप्ता. अंगणातला एक पोरगा उडी मारतो आणि तार सुटते. त्याला चार शिव्या बसतात, तार पुन्हा बांधली जाते. मग श्याम थापा. मग रणजित मुखर्जी. मध्यंतराला ३-० आणि म्हातारा बिडी पेटवायला घेतो, पण काडी धरवत नाही, हात थरथरतो. तुम्हाला पुढचं माहीत आहे, म्हणून तुम्ही शांत असायला हवं. नाही आहात. थापाचा दुसरा गोल कानावर येतो तेव्हा तुम्ही शेजारच्या अनोळखी माणसाचा खांदा पकडलेला आहे. शुभंकर सन्यालचा पाचवा तर खरखरीतच हरवतो; आकडा फक्त ऐकू येतो. ५-०.

माझं मत विचाराल तर स्कोअर माहीत असूनही छाती का धडधडते, याचं उत्तर खेळात नाही. या माणसांना गेली पंचवीस-तीस वर्षं कुणी ना कुणी उठवत आणि हलवत आलं आहे. मोहन बागानच्या सामन्यात आपल्या खेळाडूला वगळल्याचा राग येऊन पूर्व बंगालच्या मंडळींनी १ ऑगस्ट १९२० ला वेगळा क्लब काढला, आणि फाळणीनंतर तो सगळ्या विस्थापितांचा झाला. घर, नदी, सुपारीची बाग सीमेपार राहिली. लाल-पिवळा रंग तेवढा कस्टमवाल्यांना जप्त करता आला नाही. हा क्लब जिंकतो तेव्हा म्हाताऱ्याच्या लेखी खुलना जिंकतं.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या गावचा एक शेतकरी बैल हाकता हाकता थांबतो. "का झालं गा? कोन मेलं?" "कोणी मेलं नाही काका, जिंकलो!" "कोनाले जितलं?" त्याला समजावता येत नाही. तो दोन मिनिटं थांबतो, गूळ-मुरमुरे घेतो आणि खूश होऊन निघून जातो. कलकत्त्यात ईस्ट बंगाल जिंकला की हिलसाचा भाव चढतो आणि मोहन बागान जिंकला की कोळंबीचा. इथे हिलसा कुठली? तळ्यातला कतला कापला जातो.

तुम्ही मात्र जेवत नाही, कारण त्याच रात्री कलकत्त्यात काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे. उमाकांत पालोधी हा मोहन बागानचा चाहता जीव देतो. पुढच्या जन्मी मोहन बागानचा चांगला खेळाडू होऊन या पराभवाचा बदला घेईन, अशी चिठ्ठी मागे ठेवून. पानातल्या माशाकडे बघत तुम्ही गप्प बसता.

आता पाच वर्षं पुढे. बल्लारशाहहून नागपूर, नागपूरहून हावड्याची गाडी. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, पुन्हा हेच दोन संघ. इथे मी तुम्हाला आणायला नको होतं, पण क्लबवर जीव लावायचा तर ही पायरी टाळून वर जाता येत नाही. दोन्ही बाजूंचे पाठीराखे एकाच स्टँडात मिसळून बसले आहेत. उत्तरार्धात बिदेश बसू आणि दिलीप पालित यांच्यात जुंपते, दोघांनाही बाहेर काढलं जातं, आणि स्टँडात दगड सुरू होतात. तुमच्या पुढच्या पायरीवर विशीचा एक मुलगा आहे, हातात डबा. बाहेर जा, आत्ता, असं तुम्ही त्याला ओरडून सांगता. तो मागे वळत नाही. पळणाऱ्यांची रेटारेटी अरुंद जिन्यावर येते. सोळा माणसं घरी जात नाहीत. सामना ०-० राहतो; नंतर तो आकडा कुणी उच्चारतसुद्धा नाही. बंगालमध्ये आजही १६ ऑगस्टला त्यांच्या आठवणीत रक्तदान होतं. कुठल्या रंगाच्या माणसाचं रक्त, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

१३ जुलै १९९७ ला फार वेळ थांबायची गरज नाही, मजा तेवढी घ्या. सॉल्ट लेक स्टेडियमवर १,३१,७८१ माणसं आणि फेडरेशन कपची उपांत्य फेरी. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त आपल्या डायमंड रचनेवर इतके खूश की समोरच्या ओमोलोला ऑम्लेट आणि सोसोला काकडी म्हणून मोकळे झालेत. ईस्ट बंगालचा बायचुंग भुतिया तीन गोल मारतो. ४-१. बोलण्यात जिंकलेला माणूस मैदानात हरताना बघण्यासारखं सुख नाही. सभ्य माणसाने हे लिहू नये, पण खरं आहे.

मग उतार. २००३ ला जाकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय लीग, आणि त्यानंतर लीगचा दुष्काळ. २०२० मध्ये, शंभरीच्या वर्षात, क्लब इंडियन सुपर लीगमध्ये येतो आणि नववा राहतो. पुढच्या मोसमात अकरापैकी अकरावा. त्यानंतर पुन्हा नववा, आणि त्याच वर्षी मोहन बागान लीगची ट्रॉफी उचलतो. व्हॉट्सअॅपवर कोळंबीचे फोटो येत राहतात.

२८ जानेवारी २०२४. तेच अंगण. मुनगा गेला, तिथे डिश लागली. म्हाताऱ्याचा नातू मराठी शाळेत शिकलेला. आजीशी बंगालीत बोलतो आणि रेफ्रीला झाडीपट्टीच्या मराठीत शिव्या देतो. भुवनेश्वरला सुपर कपची अंतिम लढत, समोर ओडिशा एफसी. एक गोल खाऊन ईस्ट बंगाल २-१ ने पुढे जातो. जादा वेळेची आठ मिनिटं होताना ओडिशाला पेनल्टी. नातू उठून बाहेर जातो, विहिरीपाशी पाठमोरा उभा राहतो. घरातल्या शांततेवरून त्याला कळतं: २-२. तुम्ही त्याला सांगू शकता की क्लेटन सिल्वा आहे, १११ वं मिनिट येईल, बारा वर्षांनी राष्ट्रीय पातळीवरचा कप येणार आहे. सांगत नाही. सांगितलं तर त्या विहिरीपाशी उभं राहणं त्याच्याकडून हिरावून घेतल्यासारखं होईल, आणि ते त्याने कमावलेलं आहे.

३-२. तो रडतो, आजी हसते, गल्लीत फटाके. दहा मिनिटांत तो मोबाइलमध्ये पुढचं वेळापत्रक काढतो आणि चेहरा उतरतो.

"शनिवारी मोहन बागान आहे," तो म्हणतो. "आन् हा डिफेन्स घेऊन जाचं का गा?"