दारावरचा कॅमेरा: मूळ कागद वाचा

घराला कॅमेरा बसवताना आपण विचारतो, चित्र किती स्पष्ट दिसतं? इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक विचारावं: हा दारापर्यंत आला कसा?

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांना घरी एकटं असताना भीती वाटे. पोलीस यायला वेळ लागे. त्यांनी पती अल्बर्टसह १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९६९ मध्ये ते मिळालं. दाराला वरखाली भोकं, मागे सरकणारा कॅमेरा, आत पडदा, दुरून कुलूप उघडायची सोय.

‘सीसीटीव्ही त्यांनीच शोधला’ असं सर्रास छापतात. पण जर्मनीत १९४२ मध्येच रॉकेटची उड्डाणं अशी पाहत. ब्राउन यांचं श्रेय घराच्या दाराशी आहे, आणि तेही मोठंच आहे. म्हणून सांगतो, ऐकीव दाव्यावर थांबू नका. पेटंट उघडून वाचा.