अनुमान

ज्ञात खुणेवरून, तिच्याशी नियत संबंध असलेल्या अप्रत्यक्ष गोष्टीचे ज्ञान करून देणारे प्रमाण (यथार्थ ज्ञानाचे साधन) म्हणजे अनुमान.

उगम : या प्रमाणाचे सूत्रबद्ध विवेचन अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत आढळते (पहा : न्यायदर्शन). नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथील ब्रह्मगिरी व गोदावरीचा उगम यांच्याशी परंपरेने गौतम ऋषींचे नाव जोडले असले, तरी सूत्रकार गौतम तेच होत, असे इतिहासाने सिद्ध झालेले नाही (पहा : गोदावरी).

वैशिष्ट्ये : दुसऱ्यास पटवून देण्यासाठी केलेल्या, म्हणजे परार्थ, अनुमानाचे पाच अवयव मानले जातात : ‘ब्रह्मगिरीवर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा, ‘कारण तेथे धूर आहे’ हा हेतू, ‘जेथे धूर तेथे अग्नी, जसे चुलीत’ हे उदाहरण, ‘ब्रह्मगिरीवर तसाच धूर आहे’ हा उपनय आणि ‘म्हणून तेथे अग्नी आहे’ हे निगमन. धूर व अग्नी यांच्या नियत साहचर्यास व्याप्ती म्हणतात. ती उलट लावता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडात अग्नी असूनही धूर नसतो. सदोष हेतूस हेत्वाभास म्हणतात व त्याचे पाच प्रकार आहेत (पहा : हेत्वाभास). या पंचावयवी अनुमानाच्या तुलनेत ॲरिस्टॉटलच्या संवाक्यात, म्हणजे त्याच्या अनुमानरचनेत, तीनच विधाने असतात आणि त्यात उदाहरण आवश्यक नसते (पहा : तर्कशास्त्र).

महत्त्व : अनुमानामुळे मताला कारणाची जोड मिळते आणि त्या कारणाची परीक्षा करता येते. महाराष्ट्रातील आधुनिक अभ्यासात भीमाचार्य झळकीकर यांचा न्यायकोश आणि आठल्ये-बोडस यांची अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाची १८९७ मधील आवृत्ती हे प्रमुख संदर्भग्रंथ होत.